ब्राउझरमधून काटा चालवा, पण वजन तिथं साठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"इन्स्टॉल काही करायचं नाही, ब्राउझर उघडा आणि काम सुरू." दूध संस्था असो, पतसंस्था असो, साखर कारखान्याचा वजनकाटा असो, शाहूपुरीतली गुळाची अडत असो की शिरोली-गोकुळ शिरगावातल्या फौंड्रीचं स्टोअर, कोल्हापुरात सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस हल्ली याच वाक्यानं सुरुवात करतो. त्यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. ब्राउझर हे पानं वाचायचं साधन आहे, त्यात अख्खा कारभार कोंबू नये, असं काही जण म्हणतात. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमचे दिवस भरले, असं बाकीचे म्हणतात. अशी सॉफ्टवेअर लिहिणं आणि सांभाळणं हाच आमचा धंदा असल्यानं आमचं मत जरा वेगळं आहे. अवघड ॲप्लिकेशन ब्राउझरमध्ये खुशाल चालू दे. फक्त नोंदींची एकुलती एक प्रत ब्राउझरच्या पोटात राहू नये, आणि ज्या तारेतून पैशाचा आकडा येतो ती तार थेट ब्राउझरला जोडू नये.

व्हावं की न व्हावं हा वाद तसा मागे पडलाच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला तो लेख वाचण्यासाठी, एका लेखातून दुसऱ्यात जाण्यासाठी. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझरसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला, तोही पानात थोडी हालचाल यावी एवढ्यापुरता. पुढं जावाचे ॲप्लेट आले, ॲक्टिव्हएक्स आलं, फ्लॅश आलं. ही सगळी बाहेरून जोडलेली ठिगळं, म्हणजे प्लगइन होती. पानाला बाकीच्या मशीनपासून दूर ठेवणारं ब्राउझरचं कुंपण त्यांना लागू नव्हतं, म्हणून सुरक्षेची भोकंही तिथूनच पडत. क्रोमनं २०१५ मध्ये जुन्या धाटणीचे प्लगइन बंद केले तेव्हा जावा ॲप्लेटवर उभ्या असलेल्या डिजिटल सहीच्या सोयी त्या ब्राउझरमध्ये एका अपडेटसरशी बसल्या. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशही गेलं. दरम्यान २००४ चं जीमेल आणि २००५ चे गूगल मॅप्स यांनी प्लगइनशिवाय काय होऊ शकतं ते दाखवून दिलं होतं. २०१७ पर्यंत वेबअसेम्ब्ली चारही मोठ्या ब्राउझरमध्ये पोचलं आणि सी किंवा रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम ब्राउझरच्या कुंपणाआड जवळजवळ मूळ वेगानं पळू लागला. २०२३ मध्ये फोटोशॉपची वेब आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. फोटोशॉप चालतं तिथं संस्थेचं दूधबिल चालणार नाही असं कोण म्हणेल?

ब्राउझरच्या बाजूनं सर्वांत भक्कम मुद्दा सुरक्षेचा आहे, पण विक्रेते तो सांगत नाहीत. ते फक्त सोय सांगतात. पेन ड्राइव्हवरून आणलेलं सेटअप "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून टाकलं की तो प्रोग्रॅम मशीनवरची कुठलीही फाइल वाचू शकतो, पुसू शकतो, नेटवर पाठवू शकतो. वेब पानाला तसं करता येत नाही. तुम्ही स्वतः निवडून दिलेली फाइल तेवढी त्याला दिसते; कॅमेरा, लोकेशन, सीरियल पोर्ट यांसाठी परवानगी मागावी लागते. जुन्या मशीनवर तीन-तीन अँटिव्हायरस आणि चोरीचं ऑफिस घालून चालणाऱ्या आपल्याकडच्या कार्यालयांना हे कुंपण फार उपयोगाचं आहे. दुसरा फायदा अपडेटचा. दूध संस्थेच्या पन्नास संकलन केंद्रांवर नवीन दरपत्रक चढवायला पन्नास गावं फिरायला लागत नाहीत. त्याची उलटी बाजूही आहे. जुन्या आवृत्तीवर थांबायची मुभा तुम्हाला राहत नाही, आणि विक्रेत्यानं ३१ मार्चच्या रात्री नवीन आवृत्ती चढवली तर ताळेबंदाच्या सकाळी बटणाची जागा बदललेली असते. करारात "मार्चअखेर आणि गळीत हंगामात बदल नाही" एवढी एक ओळ घालून घ्यावी. फुकट मिळते.

आता वजनकाट्याकडे येऊ, कारण ब्राउझरची मर्यादा तिथं डोळ्यांना दिसते. काट्याच्या केबिनमधला इंडिकेटर वजनाचा आकडा सीरियल तारेतून सतत बाहेर टाकत असतो, बहुधा ९६०० बॉडनं, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. प्रत्येक ओळीत वजन, एकक, बऱ्याच इंडिकेटरमध्ये "स्थिर" की "हलतंय" याची खूण, आणि शेवटी ओळ संपल्याची खूण असते. संगणकाला सीरियल पोर्ट नसतो म्हणून मध्ये यूएसबी कन्व्हर्टर लावतात. २०२१ पासून क्रोम आणि एजमध्ये वेब सीरियल नावाची सोय आहे, तिच्या जोरावर पान हा पोर्ट थेट वाचू शकतं. डेमोत छान चालतं. हंगामात मात्र चार ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला घोटाळा तुकड्यांचा. पोर्टवरून डेटा ओळीनं येत नाही, मिळेल तसा येतो. १८४६० हा आकडा एका वाचनात "१८" आणि पुढच्या वाचनात "४६०" असा येऊ शकतो. प्रोग्रॅमरनं आलेला तुकडा तसाच आकडा म्हणून घेतला तर साडेअठरा टनांची ट्रॉली ४६० किलोची होते. एवढी मोठी चूक लगेच पकडली जाते, पण पहिला अंक गळून १८४६० चा ८४६० झाला, तर गर्दीत पावती हातात पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तुकडे जोडत राहायचे, अर्धी ओळ फेकून द्यायची, "स्थिर" खूण असेल तरच वजन धरायचं आणि लागोपाठ निदान तीन वाचनं सारखी आल्याशिवाय पावतीचं बटण उघडायचं नाही. ज्या भागात काटामारीच्या संशयावरून काटे बंद पाडले जातात, तिथं हे चार नियम कोडमध्ये कुठं आहेत ते दाखवा, असं विचारायचा हक्क ऊस उत्पादकाला आहे असं आम्हाला वाटतं.

दुसरा घोटाळा मागच्या टॅबचा. ऑपरेटर मोबाइल रिचार्जसाठी किंवा क्रिकेटचा स्कोअर बघायला दुसरा टॅब उघडतो. मागे गेलेल्या पानाचे टायमर क्रोम सेकंदाला एकदाच चालू देतो. २०२१ पासून तर पाच मिनिटं मागे पडलेल्या पानाचे टायमर मिनिटाला एकदा एवढे मंदावतात. दर अर्ध्या सेकंदाला वजन तपासणारा प्रोग्रॅम अशा वेळी झोपल्यासारखा दिसतो, आणि दोष काट्याला दिला जातो. पोर्ट वाचायचं काम पानातून काढून वर्करमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मागं समांतर चालणाऱ्या धाग्यात, टाकलं तर हे टळतं. किती विक्रेते तसं करतात हा वेगळा प्रश्न.

तिसरा घोटाळा अगदी साधा आहे: एका वेळी एकच प्रोग्रॅम पोर्ट उघडू शकतो. इंडिकेटर कंपनीच्या माणसानं तपासणीसाठी आपलं साधन उघडून ठेवलं असेल तर ब्राउझरला पोर्ट मिळत नाही आणि पडद्यावर नुसतं "उघडता आला नाही" एवढंच येतं. चौथा घोटाळा ठरावीक ब्राउझरला बांधून घेण्याचा. ही सोय सफारीत नाही. म्हणजे "कुठल्याही ब्राउझरवर चालतं" ही जाहिरात काट्यापाशी येऊन संपते.

म्हणून आमची शिफारस अशी. केबिनमधल्या मशीनवर एक छोटा स्थानिक प्रोग्रॅम ठेवावा, शे-दोनशे ओळींचा. तो पोर्ट वाचेल, स्थिर वजन वेळेसह स्थानिक डेटाबेस फाइलमध्ये लिहील आणि त्याच मशीनच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर पान दाखवेल. ऑपरेटरला दिसतो ब्राउझरच. वजन मात्र ब्राउझर बंद पडला तरी लिहिलं जातं. हा काही आमचा शोध नाही. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सहीचं टोकन असंच चालतं: यूएसबीतलं टोकन पानाला वाचता येत नाही, म्हणून सही करणारा छोटा प्रोग्रॅम मशीनवर चालू असावा लागतो आणि पान त्याच्याशी १२७.०.०.१ वर बोलतं. त्याचे त्रासही कर सल्लागारांना तोंडपाठ आहेत. प्रोग्रॅम चालू नसला की "कनेक्शन झालं नाही" असा संदेश येतो. स्थानिक पत्त्याचं प्रमाणपत्र ब्राउझरनं एकदा मान्य केलेलं नसलं तरी तोच संदेश येतो. अलीकडे क्रोम बाहेरच्या साइटला मशीनवरच्या प्रोग्रॅमशी बोलू देण्याआधी परवानगी विचारू लागला आहे. घाईत "ब्लॉक" दाबलं गेलं असेल तर पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून ती परवानगी परत द्यावी, मशीन फॉरमॅट करू नये.

साठवणीचा मुद्दा याहून गंभीर आहे, कारण तिथली चूक कळते तेव्हा वेळ गेलेली असते. नेट नसतानाही चालणाऱ्या वेब ॲप्लिकेशनच्या नोंदी ब्राउझरच्या आतल्या इंडेक्स्डडीबी नावाच्या साठ्यात राहतात. जागेची अडचण नसते; क्रोम एका साइटला डिस्कच्या साठ टक्क्यांपर्यंत जागा घेऊ देतो. अडचण ही की तो साठा तुमच्या मालकीचा असल्यासारखा वागत नाही. मशीन स्लो झालं म्हणून हार्डवेअरवाला येतो, "कुकीज आणि इतर साइट डेटा" या खुणेसह सगळं साफ करतो, आणि चार दिवसांचं दूध संकलन त्यासोबत जातं. डिस्क भरत आली तर ब्राउझर स्वतःहून जुन्या साइटचा साठा काढून टाकू शकतो. सफारीनं २०२० पासून नियम केला आहे: ब्राउझर वापरण्याच्या सात दिवसांत तुम्ही त्या साइटला हात लावला नाही, तर पानानं लिहिलेला साठा पुसला जातो; होम स्क्रीनवर जोडलेली ॲप्लिकेशन त्यातून वगळली आहेत. साठा साइटच्या पत्त्याला चिकटलेला असतो, म्हणून विक्रेत्यानं डोमेन बदललं किंवा पत्त्यातला नुसता पोर्ट क्रमांक बदलला तरी नव्या पत्त्याला जुन्या नोंदी दिसत नाहीत. विंडोजचा किंवा क्रोमचा दुसरा प्रोफाइल उघडला तरी तेच. नोंदी गेलेल्या नसतात, पण काउंटरवरच्या माणसाला ते कसं कळावं?

वीज जाण्याचाही संबंध आहे. नोंद "सेव्ह झाली" असं पान सांगतं तेव्हा ती डिस्कवर पक्की उतरलेली असेलच असं नाही. वेगासाठी क्रोम आणि फायरफॉक्स इंडेक्स्डडीबीचा व्यवहार ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली केला की पूर्ण झाला असं समजतात. त्या क्षणी वीज गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली, तर शेवटच्या एक-दोन नोंदी हरवू शकतात. पैशाच्या नोंदींसाठी व्यवहार उघडताना "स्ट्रिक्ट" टिकाऊपणा मागता येतो, प्रत्येक लिहिणं थोडं मंद होतं एवढंच. शिवाय साठा कायम ठेवण्याची विनंतीही पान ब्राउझरला करू शकतं, आणि ती मान्य झाली की नाही हे त्याला कळतं. नकार मिळाला तर पडद्यावर लाल पट्टी दिसली पाहिजे. आम्ही पाहतो त्या बहुतेक ॲप्लिकेशनमध्ये ही विनंतीच केलेली नसते.

"कोल्हापुरात आता फायबर आहे, नेट जात नाही," असं कुणी म्हणेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला. म्हशी पुरातही दूध देतात, संस्थेला ते घ्यावंच लागतं. अशा दिवसांत ॲप्लिकेशन नेटशिवाय उघडतं का, ही पहिली परीक्षा. ते उघडावं म्हणून सर्व्हिस वर्कर या ब्राउझरमधल्या सोयीमार्फत पानं आधीच मशीनवर उतरलेली असावी लागतात, आणि त्यासाठी त्या मशीनवर ते नेट असताना निदान एकदा उघडलेलं असावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर नवीन लॅपटॉप आणून बॉक्ससकट कपाटात ठेवला तर तो पुरात उपयोगी पडत नाही. दुसरी परीक्षा नेट परत आल्यावरची. अडकलेल्या नोंदी सर्व्हरकडे जातात, उत्तर यायच्या आत लाइन पुन्हा तुटते, मशीन त्याच नोंदी परत पाठवतं आणि उत्पादकाच्या खात्यावर एक दूध दोनदा जमा होतं. प्रत्येक नोंदीला मशीनवरच जन्मतः वेगळा ओळख क्रमांक दिला आणि तो क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरनं दुर्लक्ष केलं, की हा प्रश्न मिटतो. पावती क्रमांकाचंही तसंच: दोन काउंटर एकाच वेळी ऑफलाइन असतील तर दोन्हीकडं ४५१ नंबरची पावती फाटते. प्रत्येक मशीनचं अक्षर क्रमांकाआधी लावावं, क-४५१, ख-४५१. आणखी एक बारीक गोष्ट. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की मशीनची तारीख मागं जाते, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडायलाच नकार देतो. ती बॅटरी पान-टपरीच्या शेजारच्या घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळते. पण तेवढ्यासाठी "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून दिवसभर काम थांबवणारी कार्यालयं आहेत.

छपाईबद्दल थोडक्यात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि तीन प्रतींची कार्बन स्टेशनरी अजून पंधरा वर्षं तरी जाणार नाही. ब्राउझर त्या प्रिंटरला अख्खं पान चित्र म्हणून पाठवतो, त्यामुळे प्रिंटरचं डोकं एकेका ओळीवर अनेकदा फिरतं आणि पावतीला लागणारा वेळ वाढतो. तोच मजकूर प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत पाठवला तर पावती झटक्यात निघते. पण त्या अक्षरांत देवनागरी सहसा नसते. तोडगा हा: मराठी मथळे स्टेशनरीवर आधीच छापून घ्यावेत आणि फक्त आकडे वर सांगितलेल्या स्थानिक प्रोग्रॅमनं थेट प्रिंटरला द्यावेत. ब्राउझरमधूनच छापायचं असेल तर विंडोजमध्ये कागदाचं माप नवीन फॉर्म म्हणून नोंदवावं, छपाईच्या चौकटीत मार्जिन "नन" करावं, हेडर-फुटरची खूण काढावी, स्केल १०० ठेवावं. दरवेळी ती चौकट नको म्हणून काही जण क्रोम किऑस्क प्रिंटिंगमध्ये सुरू करतात. तेव्हा पावती डिफॉल्ट प्रिंटरवर जाते, आणि विंडोजमधली "डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" ही सेटिंग चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होतो. काट्याच्या पावत्या अकाउंट्सच्या लेसरवर पडल्या तर आधी ही सेटिंग बघावी.

मराठीसाठी ब्राउझर हे फार चांगलं घर आहे, आणि हा मुद्दा कुणी मांडत नाही म्हणून जरा सविस्तर. डेस्कटॉपवरच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मजकूर एकेका कंपनीच्या फाँटच्या सांकेतिक लिपीत अडकलेला असे. फाँट गेला की सभासदांची नावं म्हणजे चिन्हांचा कचरा. ब्राउझरमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच सांकेतिक पद्धत असते, जोडाक्षरं बरोबर बसतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं आणि फाँटमध्ये सोय असली तर "ल" आणि "श" आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. नावांची यादी मराठी वर्णक्रमानं लावायची सोयही ब्राउझरमध्ये तयार आहे. पण अलीकडची बरीच "अवघड" ॲप्लिकेशन ब्राउझरची ही यंत्रणा वापरतच नाहीत. ती सगळा पडदा एक कोरा कॅनव्हास समजून त्यावर अक्षरं स्वतः रंगवतात, आणि अक्षरं जोडण्याचं स्वतःचं इंजिन वेबअसेम्ब्लीतून सोबत आणतात. गूगलच्या फ्लटर या साधनानं बनवलेल्या वेब ॲप्लिकेशनमध्ये ते इंजिनच दीड एमबीच्या आसपास असतं. मराठी फाँट सोबत बांधलेला नसेल तर ते गूगलच्या सर्व्हरवरून फाँट मागवतं, आणि नेट नसेल तर नावांच्या जागी चौकोन दिसतात. अशा पडद्यावर कंट्रोल-एफनं शोधता येत नाही, मजकूर निवडून कॉपी होत नाही, आणि वेगळी मेहनत घेतली नसेल तर अंध कर्मचाऱ्याच्या स्क्रीन रीडरला तिथं काहीच ऐकू येत नाही. म्हणजे ब्राउझरचं कुंपण घेतलं आणि ब्राउझरचे फायदे बाहेर ठेवले. नावांच्या शोधात आणखी एक खाच आहे: "सुऱ्या"मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखा, आत वेगळा. साठवण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणले नाहीत, तर "कोऱ्या पावत्या" शोधल्यावर निम्म्याच सापडतात.

फौंड्रीवाल्यांचा प्रश्न वेगळा. पुण्याच्या ग्राहकानं पाठवलेलं कास्टिंगचं थ्रीडी मॉडेल ब्राउझरमध्ये फिरवून बघणं, मापं घेणं, शेरा लिहिणं हे उत्तम होतं; त्यासाठी प्रत्येक टेबलावर महागडं लायसन्स लागत नाही. मोठं सिम्युलेशन मात्र तिथं चालवायचा हट्ट धरू नये. वेबअसेम्ब्लीच्या मूळ ३२-बिट रचनेत एका प्रोग्रॅमला कमाल ४ जीबी मेमरी मिळते, मोबाइलवर त्याहून बरीच कमी. अनेक कोअर वापरायचे तर आणखी एक अट आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष उघड झाला, तेव्हा धाग्यांमध्ये मेमरी वाटून घेण्याची सोय ब्राउझरांनी बंद केली. ती परत आली ती सर्व्हरनं पानासोबत दोन ठरावीक हेडर, म्हणजे ब्राउझरला सूचना, पाठवले तरच, आणि ते हेडर लावले की पानात बसवलेली इतर कंपन्यांची पेमेंटची चौकट किंवा नकाशा दिसेनासा होऊ शकतो. तसंच साइट आयसोलेशनमुळे, म्हणजे प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत चालवल्यामुळे, क्रोमचा मेमरीचा खर्च दहा टक्क्यांहून जास्त वाढला. सुरक्षेसाठी तो योग्यच, पण ४ जीबीच्या मशीनवर तीन "वेब ॲप" उघडून टॅली पण चालवायचं म्हटलं तर पंख्याचा आवाज ऐकू येणारच.

आणि ब्राउझरनं दिलेलं ब्राउझर काढूनही घेतो. वेब एसक्यूएल या ब्राउझरमधल्या डेटाबेसवर बांधलेली ऑफलाइन ॲप्लिकेशन होती. ते क्रोममधून २०२३ मध्ये गेलं. त्याआधी पानं ऑफलाइन ठेवणारं ॲपकॅश गेलं. विंडोज ७ वर क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती, पुढं सुरक्षेचे अपडेट नाहीत. आज ब्राउझरची मोठी इंजिनं, म्हणजे पान चालवणारे गाभे, तीनच उरली आहेत. मायक्रोसॉफ्टनंही २०२० मध्ये स्वतःचं इंजिन सोडून क्रोमचा पाया असलेलं क्रोमियम घेतलं. ब्राउझरवर जेवढा बोजा टाकाल तेवढं नवीन इंजिन लिहिणं अवघड होतं आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवणारे हात कमी होतात. जे मानक तिन्ही इंजिनांत आहे त्यावर उभं राहावं. एकाच कंपनीच्या इंजिनात आहे ते सोयीपुरतं वापरावं, पाया म्हणून नको.

संचालक मंडळांनी सॉफ्टवेअर घेताना डेमोच्या दिवशीच काही गोष्टी करून घ्याव्यात. विक्रेत्यासमोर नेटची तार काढून पाच नोंदी करायला सांगाव्यात, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायला लावावा, मग तार लावून सर्व्हरवर नेमक्या पाचच नोंदी पोचल्या का ते मोजावं. दुसऱ्या मशीनवर ब्राउझरचा सगळा डेटा साफ करून, काय परत येतं आणि काय नाही, ते लिहून घ्यावं. काटा असेल तर टॅब मागे टाकून दहा मिनिटांनी ट्रॉली चढवावी. आणि सर्वांत आधी सगळ्या नोंदी आपल्या हातात मिळतात का ते बघावं: दररोज रात्री सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी फाइल आपोआप एका ठरलेल्या फोल्डरमध्ये पडली पाहिजे, युनिकोडमध्ये, सुरुवातीला मजकूर युनिकोडमध्ये आहे असं सांगणाऱ्या बीओएम खुणेसह. ती खूण नसेल तर एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडल्यावर मराठी नावांची खिचडी होते आणि "फाइल खराब आहे" म्हणून ती टाकून दिली जाते. सहकारी संस्थांच्या निविदांमध्ये "क्लाउड बेस्ड, युजर फ्रेंडली" ही दोन विशेषणं नेमानं असतात. त्यांच्या जागी या फाइलचे रकाने नावानिशी लिहावेत आणि सॉफ्टवेअर बदललं तरी ती फाइल विनामूल्य मिळत राहील, ही अट घालावी.

आपले,
सहकारी संस्था व लघुउद्योगांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे आणि सांभाळणारे आम्ही काही जण,
कोल्हापूर